वाटेकडे मान केलेली बाई

मी शिराळ्याच्या वाटेवरची दगडी बाई बोलतेय. लोक मला देवी म्हणतात. तुम्ही तरी म्हणू नका.

खरं तर मी शिपाई व्हायची होते. इथल्या गावचा ज्ञानू लढाईवर गेला आणि बेचाळीस साली ब्रह्मदेशात बेपत्ता झाला. तशी तार आली. बेपत्ता म्हणजे गेलाच, असं गावाने ठरवून टाकलं. पेन्शनीत निघालेले सुभेदार हंबीरराव म्हणाले, पोराचा पुतळा उभारू. मुंबईत मूर्तिकला शिकून आलेल्या मिरजेच्या निजामला बोलावणं गेलं.

ज्ञानूच्या मिशा कशा होत्या ते विचारायला निजाम त्याच्या घरी गेला. ज्ञानूची बायको राहीबाई उंबऱ्यावर बसली होती.

“आवं मास्तर, पुतळा मेल्याल्या मान्साचा करत्यात,” ती म्हणाली. “आमचं मालक मेल्यालं कुनी बगितलंय? तुमी दगुड उभा केला, की ही मानसं मला कुकू पुसाय लावतील.”

बोलताना तिची मान वाटेकडे होती. एक हात जमिनीला टेकलेला, आत्ता कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं असा. निजाम मिशांचं विचारायचं विसरून परत आला.

काळ्या दगडावर छिन्नी लावताना तो माझ्याशी बोलायचा. “मिशा, पदकं, टोपी, हे कुणालाही कोरता येईल. त्या उंबऱ्यावरच्या बाईच्या आत जे चाललंय ते वर कसं आणू?” मग त्याने माझा चेहरा कोरलाच नाही. नाकडोळ्यांची जागा कोरी ठेवली, मान माणसाला नसते इतकी लांब केली आणि टेकलेला हात डोक्याहून मोठा केला. सगळी आशा त्या हातात उतरली. मला ते कळलं, त्याला कळलं. तिसऱ्या कुणाला कळलं नाही.

“आरं गड्या, शिपाई कुठं हाय?” हंबीरराव म्हणाले. “आनि हिला हात येवढा, त्वांड कुठं हाय?” गाव हसलं. निजामने मला वाटेकडच्या बाभळीखाली टेकवलं आणि तो मुंबईला गेला. पुन्हा आला नाही. त्याचा मला अजून राग येतो.

आपल्याकडे नाकडोळे नसलेला दगड फार दिवस नुसता दगड राहत नाही. नागपंचमीला शिराळ्याला निघालेल्या धोंडुबाईने मला हळदकुंकू वाहिलं. मागच्या बायकांनी ओळ धरली. मग शेंदूर आला, आणि शेवटी मेणाने चिकटवलेले पितळी डोळे. आता माझी मान वाटेकडे आणि डोळे नैवेद्याकडे! लोक मला काय काय मागतात. तुला काय हवं, असं कुणी विचारत नाही. एवढ्या गर्दीत मी फार एकटी आहे.

राहीबाईने मात्र कधी काही मागितलं नाही. बाजाराच्या दिवशी येऊन शेजारी बसायची, माझ्यासारखीच. दोघी मिळून वाट बघायचो. तेवढा वेळ मला बरं वाटायचं.

लढाई संपली. सुटलेले शिपाई घरी आले. त्यांतल्या एकाने सांगितलं, नदी ओलांडताना ज्ञानूला गोळी लागलेली त्याने स्वतः बघितली. आता काही उरलं नाही.

त्या संध्याकाळी राहीबाई आली. तिने माझे पितळी डोळे काढून पायाशी ठेवले. स्वतःच्या कपाळावरचं कुंकू अंगठ्याने टिपलं आणि माझ्या कपाळाला लावलं.

“मढं न्हाई, म्हनून उद्या वारनंच्या काठाला दर्भाचा पुतळा करून जाळनार हायती,” ती म्हणाली. “शेवटी पुतळा झालाच बग. माजं बसून झालं, बाई. पन त्यास्नी यायचंच झालं, तर वाटंवर कुनीतरी पायजे. तू बस.”

मग ती हात टेकून उठली आणि गेली. मला तसं उठता येत नाही. निजामने मला उठायच्या बेतातच ठेवलंय.

डोळे दुसऱ्याच दिवशी धोंडुबाईने परत चिकटवले. त्यांनी मला काही दिसत नाही. म्हणून वाटसरूंनो, नारळ नको, एवढं करा. खाकी कपड्यातला कुणी लंगडत, उशिरा या वाटेने आला, तर त्याला माझ्यापुढे क्षणभर थांबवा. राहीबाई कशी बसायची ते त्याला बघू द्या.