पांढरी होत गेलेली पोवळी

चैत्रातली सकाळ. डोंगरामागून ऊन हळूहळू उतरत होते. आधी माडांच्या शेंड्यांवर, मग कौलांवर, मग वाळूवर, आणि सर्वांत शेवटी समुद्रावर. सुरंगीच्या फुलांचा उग्रमधुर गंध वाऱ्यावर तरंगत होता. ओहोटीचे पाणी दूर सरकले होते आणि ओल्या वाळूवर निळेशार आकाश सांडले होते.

किनाऱ्यालगतच्या लहानशा मत्स्यालयात एक दुसरा समुद्र होता. काचेच्या चार भिंतींत मावलेला, दिव्यांच्या नीलप्रभेत श्वास घेणारा. त्या समुद्रात पोवळ्यांची बाग होती. आणि ती बाग पांढरी पडत चालली होती.

शलाका कुबल काचेला कपाळ टेकून उभी होती. दोन वर्षांपूर्वी ती या मत्स्यालयाची प्रमुख झाली. त्याआधी एकतीस वर्षे तिचे वडील, जनार्दन कुबल, इथले राखणदार होते. बोटींच्या नांगरांनी मोडलेले प्रवाळांचे तुकडे पाणबुड्यांनी वर आणले तेव्हा ते बोटभर होते. जनार्दनांनी ते दगडांवर बसवले, जपले, वाढवले. बोटभर होते ते हातभर झाले. निवृत्तीनंतरही ते रोज सकाळी येत. टाकीतले उडून गेलेले पाणी भरून काढत, खारेपणा मोजत, वहीत लिहीत. तेवढे एक काम शलाकाने त्यांच्याकडेच राहू दिले होते.

तीन आठवड्यांपूर्वी सांबरशिंगी पोवळ्याने पहिल्यांदा आपली सूक्ष्म फुले मिटून घेतली. मग त्याच्या अंगावरून चिकट, शुभ्र तंतू ओघळू लागले. मग बुंध्याकडून त्याची कातडी मागे सरली, आणि जांभळ्या देहाखालचे चुन्याचे हाड उघडे पडले. शुभ्र. निश्चल. निष्प्राण.

शलाकाने काय नाही तपासले? पाण्याची उष्णता सव्वीस अंश, जशी हवी तशी. अमोनिया नाही. नायट्रेट नाही. चुना पुरेसा, दिवे नवे, पंपाची धार अखंड. तिने नळ्यांत पाणी भरले, थेंब टाकले, रंग पाहिले, पुन्हा पाहिले. प्रत्येक रंग म्हणत होता, पाणी निरोगी आहे. आणि समोर पोवळी मरत होती.

खारेपणा तेवढा तिने तपासला नव्हता. तो बाबा मोजत. वहीत रोज त्यांच्या वळणदार अक्षरात एकच आकडा होता, पस्तीस, समुद्राच्या खारेपणाइतकाच. काल पस्तीस, परवा पस्तीस, महिन्यापूर्वी पस्तीस. त्या आकड्यावर शंका घेणे तिच्या मनातही आले नव्हते.

त्या सकाळी मात्र तिने पाण्याचा एक थेंब मापकाच्या काचेवर ठेवला. खिडकीकडे वळून, एक डोळा मिटून, उजेडात पाहिले.

बेचाळीस.

तिने काच पुसली. शुद्ध पाण्याचा थेंब ठेवून यंत्र तपासले. शून्य. यंत्र खरे होते. पुन्हा टाकीतला थेंब, पुन्हा बेचाळीस. एवढे मीठ एका दिवसात चढत नाही. ते रोज चढले होते, ओंजळीओंजळीने, आणि रोज वहीत पस्तीस लिहिले गेले होते.

बाहेर फाटकाची कडी वाजली. ती पंपाच्या खोलीच्या दारात थांबली.

जनार्दन आले. पांढराशुभ्र सदरा, कपाळावर गंधाचा टिळा. भिंतीशी दोन पिंपे होती. एकात साधे पाणी, दुसऱ्यात पाणी बदलताना लागणारे मिठाचे. त्यांनी दुसऱ्या पिंपाचे झाकण उघडले. तांब्या भरला. मायेने, अलगद, जराही लाट उठू न देता टाकीत ओतला. मग दुसरा तांब्या. मग तिसरा.

शलाका दारातूनच पाहत होती.

सात वर्षांची असताना याच काचेपुढे, याच माणसाने तिला खांद्यावर घेऊन सांगितले होते, "पाणी उडान जाता गो, मीठ उडणां नाय. म्हणान वरसून साधाच पाणी घालूचा." तिने या विद्येतले पहिले अक्षर त्यांच्याकडून गिरवले होते.

जनार्दनांनी मापक उचलले नाही. वही उघडली, पेन उचलले, आणि पस्तीस लिहिले.

"बाबा," ती पुढे झाली. आवाज शक्य तितका मऊ ठेवत तिने विचारले, "आता खंयच्या पिंपातला पाणी घातलास?"

"साध्या," ते हसले. हसता हसता पिंपांकडे वळले, आणि ते हसू ओठांवरच विझले. एका पिंपाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून पहिल्याकडे त्यांची नजर फिरत राहिली. त्या नजरेत तिने कधी न पाहिलेले काहीतरी होते. भय.

त्यांनी तांब्यात बोट बुडवले. जिभेला लावले.

मग काचेपलीकडच्या पांढऱ्या पोवळ्याकडे पाहिले.

"ह्यां माझ्यामुळा मेला?"

"नाय बाबा. उन्हाळो मोठो हा औंदा. पाणी तापला."

जनार्दनांनी काचेवरचा तापमापक पाहिला. सव्वीस. मग लेकीकडे पाहिले. तिचे खोटे त्यांना कळले, आणि ते कळले हे तिलाही कळले.

"कालपण मी हयसरच इललंय मा?" पिंपांपाशी बोट दाखवून त्यांनी विचारले. "माका काल आठवणां नाय गो."

तिने त्यांचा हात हातात घेतला. तो हात थंड होता, खारट होता, ओला होता.

त्या दिवसापासून शलाका रोज थोडेसे खारे पाणी काढी आणि तेवढेच साधे घाली. घाई चालत नाही. खारेपणा एकदम उतरला तर उरलेली पोवळीही दगावतात. बेचाळीसवरून एक्केचाळीस, एक्केचाळीसवरून चाळीस. जनार्दन स्टुलावर बसून पाहत. एके दिवशी त्यांनी वही स्वतःहून तिच्या हाती दिली. "आता तू लिही," म्हणाले. बाबांना तपासून जिल्ह्याच्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते तिने कुठेच लिहिले नाही.

पस्तीस आले तेव्हा वैशाख लागला होता. बागेचा एक कोपरा वाचला. हिरव्या गोल पोवळ्याने अर्ध्या अंगाने पुन्हा फुले उघडली. सांबरशिंगी मात्र गेले. मुळापासून टोकापर्यंत, फांदीन् फांदी, शुभ्र.

"तेका समुद्रात सोडूया," जनार्दन म्हणाले.

संध्याकाळी दोघे वाळूवरून चालत गेले. पश्चिमेला केशर पेटले होते. लाटांच्या कडा जळत होत्या. जनार्दन गुडघाभर पाण्यात शिरले, निजलेले मूल पाळण्यात ठेवावे तसे त्यांनी ते पोवळे पाण्याखाली ठेवले, आणि लाट येऊन गेली तरी त्यांचे हात पाण्याखालीच राहिले.

मग ते वळले. समोर लांबच लांब किनारा, माडांची सलग काळी रांग, आणि घराची वाट. जनार्दन थांबले. डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. एक पाऊल उचलले, आणि तिथेच मागे घेतले.

शलाकाला कळले. ती एक पाऊल पुढे झाली. ओल्या वाळूवर तिचा ठसा उमटला, मग दुसरा, मग तिसरा. मागून ते आले, हलकेच, मान खाली घालून, प्रत्येक ठशात आपले पाऊल जपून ठेवत. आणि त्यांच्यामागून आली भरती, एकेक ठसा भरत, एकेक ठसा पुसत, सावकाश, सावकाश.