बसायला एक माणूस

आमच्या मोटरसायकलला चेन नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याला त्याला मला ते समजावत बसावं लागतं. चेनच्या जागी एक लोखंडी दांडा आहे, शाफ्ट म्हणतात त्याला. तो नळीच्या आत फिरतो आणि मागच्या चाकापाशी एका बंद डब्यात शिरतो. त्या डब्यात गिअर असतात आणि त्या गिअरला तेल लागतं. इंजिनाचं तेल वेगळं, हे वेगळं. हे दाट असतं आणि त्याला नासक्या अंड्याचा वास येतो. अंगणातून तो वास आला की मी ओळखायचे, आज मला गाडीवर बसायचं आहे.

बसायचं म्हणजे फिरायला नव्हे, नुसतं बसायचं. हे तेल भरताना गाडी सरळ उभी लागते. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते, तिच्याबरोबर डबाही कलतो आणि पुरेसं भरण्याआधीच तेल वरच्या भोकातून बाहेर यायला लागतं. भरलं असं वाटतं, पण आत कमीच असतं, आणि कमी तेलावर गाडी पळवली की गिअरचा निकाल लागतो. म्हणून एकाने सीटवर बसून, दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी सरळ धरायची आणि दुसऱ्याने मागे बसून तेल ओतायचं. डबल स्टँड असता तर ही वेळ आली नसती, पण तो तुटला, असं आमच्या ह्यांनी सांगितलं होतं. तेव्हापासून बसायचं काम माझ्याकडे आलं. त्या गाडीला मी म्हैस म्हणायचे. काळी, जड, आणि हलवायची म्हटलं की अडून राहणारी.

हे रात्रपाळीला पाण्याच्या पंपावर आणि मी दिवसभर शिवणाच्या मशीनवर. हे घरी यायचे तेव्हा मी शाळेचे गणवेश बेतत असायचे. माझी पाठ टेकायची तेव्हा हे डबा घेऊन निघालेले असायचे. आमचं बोलणं म्हणजे किल्ली खुंटीवर आहे, गॅस संपत आलाय, एवढंच. त्यातून हे मुलखाचे अबोल. चार शब्द बोलले तर पाचवा उद्यासाठी राखून ठेवणारा माणूस. मी पाच मिनिटं कधी शेजारी बसले नाही आणि ह्यांनी कधी बस म्हटलं नाही.

पण गाडीवर बसले की माझी टकळी सुरू व्हायची. माझं तोंड पुढे, हे मागे जमिनीवर, आणि समोर नुसती अंगणाची भिंत. भिंतीला काहीही सांगता येतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हाची माझी भीती मी भिंतीलाच सांगितली. दुसरं मूल पोटात राहिलं नाही, तेव्हा रडलेही तिथेच. मागून पान्याचा आवाज यायचा आणि मधूनच एक "हं". लेक परदेशी निघाली त्या आठवड्यात मी म्हटलं, "आता हे घर खायला उठेल मला." तर मागचा आवाज बंद पडला. थोड्या वेळाने म्हणाले, "तेल जास्त झालं. पुढच्या रविवारी परत काढायला लागेल." मी हसले. म्हटलं, लक्ष कुठे असतं तुमचं!

असं सगळं काम मला कानांनी पाठ होतं, डोळ्यांनी मी ते कधी पाहिलंच नव्हतं. काम संपल्यावर फक्त एक दिसायचं. हे जुनं तेल बाटलीत भरून घेऊन जायचे. मधासारखं सोनेरी. ते फाटकाच्या बिजागऱ्यांना घालायचे. आमच्या गल्लीत न कुरकुरणारं फाटक आमचं एकट्याचं.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. गाडी धाकट्या दिरांनी मागितली आणि मी हो म्हटलं. दारात उभी राहून ती माझ्याकडे बघत राहणार, त्यापेक्षा रस्त्यावर धावलेली बरी. रविवारी दुपारी भावजी बसने येणार आणि गाडी चालवत नेणार असं ठरलं. पण शेवटची दोन वर्षं ह्यांना खाली वाकवत नव्हतं. गाडी चालली, तेल बदललं गेलं नाही. आणि दुसऱ्याला वस्तू द्यायची तर आपण वापरली त्याहून बऱ्या स्थितीत द्यावी, हा ह्यांचा हट्ट. ह्यांची शेवटची वस्तू मी तशी कशी देणार?

गॅरेजवाल्याने हात झटकले. "ताई, शाफ्टच्या गाडीला आम्ही हात लावत नाही. मध्येच काही निघालं तर सुटे भाग कुठून आणू?"

तेल बदलायला सांगत होते मी, गाडी पुन्हा जन्माला घालायला नव्हे. नाचता येईना, अंगण वाकडं. मी तडक घरी आले. ह्यांनी आजारी पडायच्या आधी आणून ठेवलेली तेलाची बाटली फळीवर होती, झाकणही उघडलेलं नव्हतं. कामात अवघड असं काहीच नव्हतं. फक्त बसायला एक माणूस हवं होतं.

ते माणूस काही मिळेना. वरच्या मजल्यावरची नर्स रात्रपाळी करून झोपली होती आणि झोपलेल्या नर्सला उठवण्याइतकी मी निर्दय नाही. माझ्याकडे काज-बटणं करणाऱ्या बाईला रविवारी सुट्टी. समोरचा बेकरीवाला मला "काय, बरं ना?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता आत जातो. लेकीला फोन लावला.

"आई, बोलव ना कोणाला तरी," ती म्हणाली.

"कोणाला?"

"अगं, कोणालाही. वीस मिनिटांचं तर काम."

तिला वाटतं, कोणीही नावाचं एक माणूस असतं आणि ते आपल्या शेजारीच राहतं. तिचं चुकलं नाही. ती होती तेव्हा घरात सतत कोणी ना कोणी असायचंच. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मीच पदर खोचला. आधी वरचं बूच. "रिकामं करायच्या आधी भरायची वाट मोकळी आहे का बघावी," असं हे दर वेळी पुटपुटायचे, जणू मंत्रच. वरचं बूच नाही निघालं आणि खालून तेल सोडून दिलं, की बसा बोंबलत. मी पान्यावर सगळं वजन टाकलं आणि बूच एकदम कुईं करून सुटलं. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी आपसूक म्हटलं, "निघालं हो." मग खाली जुना केकचा डबा ठेवला आणि खालचं बूच काढलं. तेल आलं ते काळंकुट्ट. मी घाबरलेच. ह्यांच्या हाताने मध निघायचा आणि माझ्या हाताने डांबर! बुचाच्या टोकाला लोहचुंबक असतं, त्यावर राखाडी लगदा जमला होता. लोखंडाचे तुकडे मात्र नव्हते, म्हणजे गिअर शाबूत. पुसून, नवं वॉशर घालून ते परत बसवलं. वॉशरची डबी उघडली तर ती काठोकाठ भरलेली. दुकान टाकायचं होतं का ह्यांना, असं मनात आलं.

आता भरायचं. माणूस नाही तर नाही, दोरी तर आहे. कपडे वाळत घालायची दोरी सोडली, गाडी सरळ केली, दोरी तिला वेढून एक टोक खिडकीच्या गजाला आणि एक फाटकाच्या खांबाला बांधलं. आणि मग मी एक शहाणपणा केला. तेल ओतायच्या आधी मागून नेहमी आवाज यायचा, "स्टँड वर घे." इतकी वर्षं मी सीटवरून पायाने तो वर घेत आले होते. तेव्हा गाडी माझ्या पायांवर असायची. आज ती दोरीवर होती आणि तरीही मी साइड स्टँड वर केला. कानांनी शिकलेलं काम हे असं असतं.

बाटली निम्मी झाली असेल, गजाची गाठ सरकली. गाडी डावीकडे, म्हणजे माझ्याच अंगावर आली. मी खांदा लावला. पडली नाही, पण मलाही हलता येईना. खांद्यावर म्हैस, हातात बाटली, नाकात तो वास आणि पायांवर ओघळणारं तेल. सोडली तर पडणार, धरली तर धरूनच राहायचं. रस्त्यावरून कोणीतरी बोलत चाललं होतं. हाक मारायला मी तोंड उघडलं, आणि कोणाला हाक मारायची तेच मला सुचेना. तोंडात आलं ते एकच, "अहो." तेही मोठ्याने म्हटलं मी. भिंतीने ऐकलं. माणसं बोलत बोलत पुढे निघून गेली.

शेवटी चप्पल काढली, पाय लांबवून अंगठ्याने साइड स्टँड ओढला आणि गाडी हळूहळू त्यावर टेकवली. मग तिथेच फरशीवर बसले आणि रडले. खांदा दुखत होता म्हणून नव्हे. घरात दुसरं माणूस नाही हे मला माहीत होतंच, पण ते असं वजन करून कोणी दाखवलं नव्हतं.

दुपारी भावजी आले. हातात हेल्मेट, कपाळावर घाम. अंगणातली दोरी, सांडलेलं तेल आणि माझा अवतार बघून म्हणाले, "वहिनी, काय चाललंय हे? कुस्ती?"

"तेल बदलत होते. जुनं काढलं, नवं भरताना गाडी अंगावर आली."

"एकटीने? अहो, डबल स्टँडवर नाही का घ्यायची?"

"तो कधीच तुटला."

भावजी हसले. "तुटतोय कसला! केवढं जाड लोखंड ते. दादाने काढला तो. मीच तर पकडायला होतो."

"काढला? कशाला?"

"मी पण तेच विचारलं. म्हटलं, चांगला धडधाकट आहे, कशाला काढतोस? तर म्हणाला..." भावजी बोलता बोलता थांबले आणि हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करायला लागले. "म्हणाला, हा असला की ती माझ्याजवळ बसत नाही."

मी केकच्या डब्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "भावजी, हे तेल असं काळं का आलं? ह्यांच्या वेळी मधासारखं यायचं."

"जुनं तेल काळंच असतं, वहिनी. मधासारखं म्हणजे ते जुनं झालेलंच नसणार. हे तेल वर्ष-दोन वर्षं आरामात चालतं. दादा कधी बदलायचा?"

शाळांचे गणवेश हातावेगळे झाले की बदलायचे. पावसाळा संपला की बदलायचे. माझी आई गेली त्या महिन्यात दोनदा बदललं होतं. मला वाटायचं, ह्या म्हशीचं पोट नाजूक आहे.

खरं सांगते, आधी मला रागच आला. अरे माणसा, तोंड उघडून "जरा बस" म्हणायला काय जीभ झिजणार होती? चांगलं लोखंड उपसून काढलंस, चांगलं तेल ओतून दिलंस, पण दोन शब्द जड झाले तुला! आणि रागाच्या पाठोपाठ असं भरून आलं की मी भावजींकडे पाठ करून शिडी आणायला गेले.

काढलेली वस्तू हे कधी टाकून द्यायचे नाहीत. स्टँड माळ्यावर होता, ट्रंकेच्या मागे, गोणपाटात गुंडाळलेला. ग्रीस लावून ठेवला होता, गंजाचा ठिपका नाही. स्प्रिंगा आणि बोल्ट माझ्याच शिवणाच्या दोऱ्याने त्याला बांधलेले. गाठ साधी, पुरुषी, चार वेळा मारलेली.

"वा!" भावजी म्हणाले. "द्या इकडे. तासाभरात बसवतो. मग तेलाला दुसरं माणूस लागायचं नाही."

"राहू दे. तुम्ही गाडीवर बसा, मी ओतते."

ते बसले. गाडी सरळ झाली. बाटलीत उरलेलं मी नरसाळ्यातून हळूहळू ओतायला लागले. भावजींचं तोंड भिंतीकडे होतं. मग एकदम म्हणाले, "वहिनी, दादा गेल्यापासून मला फोनची भीती वाटते. वाजला की दोनदा वाजू देतो, मगच उचलतो. कोणाला बोललो नाही मी."

"हं," मी म्हटलं.

आणि ते बोलत राहिले. त्यांची पाठ दिसत होती, मानेवर ह्यांच्यासारखीच वळी होती. तेल भोकाच्या काठाला आलं तरी मी बूच लावलं नाही. त्यांचं बोलून होईपर्यंत पाना हातात धरून बसून राहिले. ह्यांना इतकी वर्षं काय दिसायचं ते आज मला दिसलं.

निघताना भावजींनी स्टँडला हात घातला. मी तो जवळ ओढला.

"हा मिळायचा नाही."

"अहो वहिनी, गाडीचाच भाग तो! तुम्ही काय करणार त्याचं?"

"काहीही करेन. गाडी न्या, हा इथेच राहील. तेल बदलायचं झालं की बायकोला बसवत जा गाडीवर."

"ती?" भावजी हेल्मेट चढवत हसले. "ती कुठली बसतेय! तिला वेळ कुठाय?"

"मलाही नव्हता," मी म्हटलं.

त्यांनी हेल्मेटची काच खाली केली आणि नुसती मान हलवली. गाडी सुरू झाली. कोपऱ्यापर्यंत आवाज येत होता, मग नाही. मी फाटक लावलं. ते वाजलं नाही.