झिंगा वेगळा, कोळंबी वेगळी

लहान ते झिंगे आणि मोठी ती कोळंबी, एवढंच मला ठाऊक. लहानाची मोठी होते, असंच आयुष्यभर वाटायचं. माझी थोरली कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, तिला ते खपायचं नाही. एकदा तिने ताटलीत दोन्ही शेजारी ठेवून माझा वर्गच घेतला. कोळंबीची पाठीवरची कडी कौलांसारखी एकावर एक. झिंग्याचं दुसरं कडं मात्र पुढच्यावरही चढलेलं आणि मागच्यावरही. कोळंबी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते, झिंग्याची मादी ती पोटाखाली धरून फिरते.

"बिचारी!" मी म्हटलं. थोरली हसली नाही. शिकवताना ती हसत नाही.

लग्नानंतर धाकटी नवऱ्याला घेऊन पहिल्यांदाच जेवायला येणार होती. "आई, त्यांना कोळंबी अजिबात चालत नाही हं," असं तिने बजावून ठेवलं होतं. माशाचा रस्सा फिका लागत होता, म्हणून मी सुक्या झिंग्यांच्या पुडीचा डबा काढला आणि थोरलीला विचारलं, "हे चालेल ना गं?"

"त्रास कोळंबीचा आहे ना? झिंगा वेगळी जात, आई. किती वेळा सांगू?"

मी पूड टाकली.

जेवण अर्ध्यावर असतानाच जावयाचे ओठ सुजले. मग त्याला श्वासच घेता येईना. शेजाऱ्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत पोचलो.

"धोका टळलाय," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "पोटात काय गेलं होतं?"

"झिंगे," मी म्हटलं. "कोळंबी नव्हती हो."

"जात वेगळी असेल. त्यांच्या अंगाला दोन्ही सारखेच."

त्या आत गेल्या तशी धाकटी माझ्यापुढे उभी राहिली. "झिंगे चालतात असं तुला कुणी सांगितलं?"

थोरली भिंतीला टेकली होती, चेहरा पांढराफटक. तिचा मला असा संताप आला होता की काय सांगू! पण दोघींचं आधीच विळ्याभोपळ्याचं सख्य. मी नाव घेतलं असतं तर तेवढंही उरलं नसतं.

"कुणी नाही," मी म्हणाले. "माझीच अक्कल गहाण पडली होती."

"तुझ्या हातचं आता आम्ही खाणार नाही, आई."

थोरली काहीतरी बोलेल म्हणून मी तिच्याकडे पाहत राहिले. तिने पर्स उचलली.

"मी सगळ्यांसाठी चहा आणते," ती म्हणाली.