सातवी सही

पू, लघवी, सडलेल्या कातडीचा वास, यातल्या कशाचीच धाकटीला किळस येत नसे. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण ती धाकटी सून. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांना पुसायची, कूस बदलून द्यायची, पडून पडून झालेल्या जखमा धुवायची. तिला किळस आली ती एका रविवारी, स्वतःच्याच दिवाणखान्यात, इस्त्रीच्या कपड्यांत बसलेल्या स्वतःच्याच माणसांची.

झालं होतं असं. इस्पितळाच्या गोदामात काही लोखंडी पलंग पडून होते. जुने, पण धडधाकट, डोक्याकडून उचलता येणारे. इस्पितळ ते फुकट द्यायला तयार होतं, पण नोंदणीचा अर्ज दाखल केलेल्या संस्थेलाच. महिनाअखेरपर्यंत कुणी नेले नाहीत तर ते भंगारात जाणार होते. आणि इकडे मागच्या गल्लीतला म्हातारा शिंपी ओल धरलेल्या फरशीवर सतरंजी टाकून पडला होता. त्याच्या माकडहाडावर वाटीएवढी जखम होती. असाच जमिनीवर राहिला तर तो त्या जखमेनेच जाणार, हे धाकटीला स्वच्छ दिसत होतं. संस्था काढायला सात माणसं लागतात, म्हणून तिने घरच्यांना विचारलं. तिथेच तिचं चुकलं.

आजवर तिच्या कामाचा विषय निघाला की नाक मुरडणारी ही मंडळी, पदांचा विषय निघताच सरसावून बसली. थोरले दीर, म्हणजे दादा, अध्यक्ष. ते कुणी ठरवलं नाही. मधल्या खुर्चीत ते बसले होते, तेवढं पुरलं. थोरल्या वहिनी खजिनदार. खजिन्याचा अजून पत्ता नव्हता, पण चावी कुणाकडे राहणार यावरून त्यांचं आणि नणंदेचं वाजलं. धाकटीच्या नवऱ्याला चिटणीस केलं, कारण तो कशालाही मान हलवतो. दोघे पुतणे भरतीला. धाकटी नुसती सदस्य.

"आणि नाव आईचं द्यायचं," दादा आवाज जड करून म्हणाले. "तिची आठवण राहिली पाहिजे. वर फोटोही छापू तिचा. तो तरुणपणचा, हसरा."

धाकटीला शिसारी आली. सासूबाई शेवटी मागच्या खोलीत पडून होत्या. दादा यायचे ते उंबऱ्यापर्यंत. नाकाला रुमाल लावून विचारायचे, "आई, बरं आहे ना?" आणि उत्तर यायच्या आत पाठ फिरवायचे. वहिनी तर उंबराही गाठत नसत. आणि आता त्याच बाईचा हसरा फोटो यांना हवा होता. इतकी निर्लज्ज माणसं आपण रोज शेजारी बसवून जेवू घालतो, असं तिला वाटलं. पण शिंप्याची जखम डोळ्यांपुढे आणून तिने नावाला होकार दिला.

उद्देश लिहायची वेळ आली तेव्हा अर्ज लिहायला बोलावलेल्या वकिलाला ती म्हणाली, "लिहा, पडून असलेल्या माणसांच्या जखमा धुणे."

"शी," वहिनी म्हणाल्या. "असलं कागदावर कुणी लिहितं का?"

मग तिथे 'ज्येष्ठांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी झटणे' आलं. शिंप्याला उन्नती नको होती हो, कुशीवर वळायचं होतं.

माशी शिंकली नोंदणीच्या कचेरीत. अधिकाऱ्याने नावं वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं. "सातही एकाच घरातले? ही काय संस्था झाली? एका घरातली दोन माणसं ठेवा, बाकीची बाहेरची आणा."

त्यावर बाहेरच्या व्हरांड्यात जे झालं ते बघवत नव्हतं. वहिनींनी नणंदेचं आणि नणंदेने वहिनींचं, लग्नापासूनचं सगळं उकरून काढलं. शिपाई स्टूल पुढे ओढून ऐकत बसला. शेवटी दादा राहिले, कारण ते दादा, आणि धाकटी राहिली, कारण काम करणारं कुणीतरी लागतं.

बाकीची पाच माणसं तिने दोन दिवसांत उभी केली. तिघं तिच्या रुग्णांच्या घरची, चौथी शिंप्याची मुलगी आणि पाचवा खुद्द शिंपी. माणूस शुद्धीवर असला आणि सही करत असला की पडलेलाही चालतो, असं वकील म्हणाला. सगळ्यांनी शिंप्यालाच अध्यक्ष केलं.

"मी सभेला कधी गैरहजर राहणार नाही," शिंपी म्हणाला. "जाणार कुठे?"

अध्यक्ष हलू शकत नाही म्हणून सभा त्याच्याच खोलीत भरली. मुदतीचा आदला दिवस होता. सहा सह्या झाल्या. संस्थेच्या नावाची जागा तेवढी कोरी होती. मग दादा आले आणि उंबऱ्यावर थांबले. नाकाला रुमाल.

"आत या दादा. सभा आत आहे."

"मी इथूनच ऐकतो. अध्यक्षपद गेलं ते गेलं, पण नाव आईचंच हवं. नाहीतर माझी सही नाही."

कुशीवर पडलेल्या शिंप्याने मान वळवली. त्याने अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्या आईंनाही असंच झालं होतं म्हणे. मला माकडहाडावर आहे. त्यांना कुठे होतं?"

दादांनी वकिलाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "पाठीला," ते म्हणाले.

"दोन्ही खुब्यांना," धाकटी म्हणाली. "आणि उजव्या टाचेला. पाठ शेवटपर्यंत चांगली होती. रोज पुसत होते मी."

शिंप्याची कूस बदलायची वेळ झाली होती. त्याची मुलगी पुढे झाली, पण धाकटीने तिला डोळ्यांनी थांबवलं.

"दादा, चादरीचं ते टोक धरा."

"मी?"

"धरा हो," शिंपी म्हणाला. "जखम चावत नाही."

इतक्या माणसांदेखत नाही म्हणता येईना. दादा आत आले, दोन बोटांत चादर धरली. शिंपी वळला, धाकटीने पट्टी सोडली आणि दादांना ते दिसलं. "आईंचं याहून मोठं होतं," ती म्हणाली. चादर सोडून दादा बाहेर पळाले आणि मोरीपाशी ओकले. धाकटीला जराही दया आली नाही. दिवाणखान्यात तिला जे होत होतं, ते आज त्यांना झालं होतं.

बऱ्याच वेळाने ते परत उंबऱ्यावर आले, कागद मागितला आणि दाराच्या फळीवर टेकून सही ठोकली.

"नाव आईचंच लिहू ना?" वकिलाने विचारलं.

"नको," दादा तोंड पुसत म्हणाले. "असल्या घाणीला आईचं नाव नको."

धाकटीला क्षणभर वाटलं होतं, माणूस शरमला. शरम कसली? उंबरा तोच, रुमाल तोच, आणि म्हाताऱ्या आईला पुन्हा एकदा टाकून स्वारी निघाली होती. दादा गल्लीच्या टोकाशी दिसेनासे झाले.

तिने वकिलाच्या हातातून पेन घेतलं आणि कोऱ्या जागेत सासूचं पूर्ण नाव लिहिलं.

"आणि फोटो?" वकिलाने विचारलं.

"फोटो नको."

"पलंग कधी येईल गं?" शिंप्याने विचारलं.

"उद्या," धाकटी म्हणाली आणि हात धुवायला उठली. जखम अजून उघडीच होती.