हिरवा म्हणजे ठीक

"वॉर्डातल्या आजोबांचा श्वास तुटत चालला होता आणि तुमचा चौकोन हिरवागार," सिस्टर म्हणाल्या. "हिरवा म्हणजे ठीक, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

ड्यूटी संपवून त्या वॉर्डातून थेट सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात आल्या होत्या. अंगावर अजून गणवेशच होता. मॅनेजरने पुढे केलेल्या खुर्चीवर त्या बसल्या नाहीत. ज्याच्या टेबलासमोर त्या उभ्या होत्या, त्याला सगळं ऑफिस रंगारी म्हणायचं. पडद्यावर काय कुठल्या रंगात दिसावं, हे तेवीस वर्षं तोच ठरवत आला होता. या रुग्णालयासाठी त्याने एक पडदा तयार केला होता. त्यावर वॉर्डातल्या प्रत्येक खाटेचा एक चौकोन. रुग्ण ठीक असला की हिरवा, लक्ष ठेवायचं असलं की पिवळा आणि धावत जायचं असलं की लाल. परवापासून एका वॉर्डात त्याची चाचणी सुरू होती.

"तुमच्या पडद्याचं सेटिंग बिघडलं असेल," रंगारी म्हणाला.

"पडदा नवा कोरा आहे." सिस्टरांचा आवाज चढला नव्हता. "आधी पिवळा झाला, मग परत हिरवा. माझ्या नव्या नर्सला वाटलं, सुधारले. ती शेजारच्या खाटेकडे वळली. यंत्र ओरडत होतं, पण वॉर्डात काही ना काही दिवसभर ओरडतच असतं. माझं लक्ष आजोबांच्या नखांकडे गेलं म्हणून कळलं. निळी पडली होती."

"आता कसे आहेत?" मॅनेजरने विचारलं.

"श्वासाच्या नळीवर आहेत. डोळे उघडले नाहीत अजून."

रंगाऱ्याने फाइल उघडली. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, नस सुकत चालली आहे, गेलेला रंग परत येत नाही. लाल आणि हिरवा आधी जातील. ते गेलेही. दोघांच्या जागी आता एकच मळकट रंग उरला होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. एक्कावन्नाव्या वर्षी रंग न दिसणाऱ्या रंगाऱ्याला दारात कोण उभं करणार? निभत होतं, कारण संगणकात प्रत्येक रंगाला सहा अक्षरी क्रमांक असतो आणि नेहमीचे क्रमांक त्याला तोंडपाठ होते. क्रमांक टाकायचा, मान डोलवायची, झालं. पण पंधरा दिवसांपूर्वी रुग्णालयाने कळवलं, रंग डोळ्यांना बोचतात, जरा सौम्य करा. सौम्य लालचा क्रमांक त्याला पाठ नव्हता. पडद्यावरच्या रंगपट्टीतून त्याने तो अंदाजाने निवडला. अंदाजाने.

फाइलमध्ये 'धोका' या शब्दापुढे तो क्रमांक होता. तेव्हा न वाचलेली अक्षरं आता जुळवून वाचल्यावर त्याला कळलं, तो फिका हिरवा होता.

शेजारी उभी असलेली, त्याचं काम तपासणारी टेस्टर पुटपुटली, "मी नुसते क्रमांक तुमच्या यादीशी ताडून बघितले होते दादा. यादीप्रमाणे बरोबर होतं."

"तुझं काही चुकलं नाही," तो म्हणाला. त्याने तो क्रमांक पुसून जुन्या, भडक लालचा टाकला. "घाईत झालं, सिस्टर. आता बघा."

पडद्यावर नमुन्याचे बारा चौकोन उमटले. सिस्टर पुढे वाकल्या आणि एकावर बोट ठेवलं.

"हा आता लाल की हिरवा?"

त्याने पाहिलं. डोळे बारीक केले. चौकोन शेजारच्यासारखाच दिसत होता. दोनातलं एक, कौल लावल्यासारखं.

"लाल," तो म्हणाला.

टेस्टर घाईघाईने हसली. "दादा थट्टा करताहेत, सिस्टर. हिरवाच आहे तो."

"नाही गं," रंगारी म्हणाला. दोन्ही तळवे त्याने टेबलावर पालथे टेकवले. "थट्टा नाही. मला दिसत नाही. आठ महिने झाले."

मॅनेजर खुर्चीत बसला. सिस्टर रंगाऱ्याकडे वळल्या.

"तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"तर तेव्हाच घरी बसलो असतो."

"आणि आजोबा?"

पर्स उचलून सिस्टर निघून गेल्या.

मॅनेजर भला माणूस होता, आवाज न चढवता बोलला. रंगांचं काम आजपासून टेस्टर बघेल. चाचणी बंद. तुम्ही आज घरी जा.

"मी दुसरं काही लिहीन," रंगारी म्हणाला. "हिशेब, आकडेमोड, काहीही. ते तर मला येतं."

"बघू," मॅनेजर म्हणाला.

या 'बघू'चा अर्थ त्याला ठाऊक होता. त्याने स्वतःच तो शब्द दोन-तीन जणांना नकार देताना ऐकवला होता.

भर दुपारी तो दारात दिसला तेव्हा बायको इस्त्री करत होती. बूट न काढताच तो पलंगाच्या कडेला बसला आणि खाली बघत सांगू लागला. डोळ्यांचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "ते माहीत आहे मला."

त्याने वर पाहिलं.

"तीनदा कच्चे टोमॅटो आणलेत तुम्ही. मी परत बदलून आणले. वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही इतके जपत होतात. हातचं काढून घेतल्यासारखं झालं असतं."

मग त्याने आजोबांचं सांगितलं. ते तिला माहीत नव्हतं. ती इस्त्री बंद करून त्याच्या शेजारी येऊन बसली.

रात्री जेवताना तो म्हणाला, "उद्या वॉर्डात जाऊन येतो. आजोबांच्या घरचं कुणीतरी असेल."

"काय सांगणार अहो त्यांना?"

"जे झालं ते."

"मारतील, नाहीतर पोलिसांत देतील."

"देऊ देत."

सकाळी तिने कपाटातून शर्ट काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो हातात घेतला, खिडकीच्या उजेडात नेला, उलटसुलट करून पाहिला.

"हा कुठल्या रंगाचा गं?"

"विटकरी," ती म्हणाली. "चांगला दिसतो तुम्हाला."

त्याने मान हलवली आणि एकेक बटण लावायला घेतलं.