आधी जागं होईल तो पहिला

कल्पना करा, तुम्ही एक संगणक आहात. रोज सकाळी कोणीतरी तुमचं बटण दाबतं, तुम्ही जागे होता आणि पाहता तर काय, आपला नंबर साफ विसरलेले! मग काय कराल? कोपऱ्यात बसलेल्या सगळ्यांत मोठ्या यंत्राला विचाराल, "मी कितवा?" ते मोठं यंत्र म्हणजे सर्व्हर. ते आपल्याजवळची आज्ञांची यादी वाचतं आणि सांगतं, "तू सातवा. हे घे सात नंबरच्या विद्यार्थ्याचं काम, उघडून ठेव." आज्ञांच्या या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. ती एकदा नीट लिहून ठेवली, की माणसाला रोज तेच काम हाताने करावं लागत नाही.

नीट लिहून ठेवली तर, बरं का.

सालेकशाजवळच्या एका शाळेत २०११ साली असे पंधरा संगणक होते आणि त्यांची स्क्रिप्ट ओमेश्वर सरांनी लिहिली होती. सर गोंदियाचे. रोज सकाळच्या गाडीने यायचे. हुशार माणूस, मेहनती, पण तापट. त्या मार्चमध्ये मात्र कोणीही तापलं असतं.

"सर, माह्या पडद्यावर सोनिकाची हातपंपांची यादी आली ना जी!" दोन नंबरवरचा बंटी ओरडला.

"अन् माह्यावर बंटीनं काढलेला वाघ आला," तीन नंबरवरची अल्का म्हणाली. "सर, हा वाघ आहे का म्हैस?"

"तुह्या घरची म्हैस आहे ते!"

"चूप बसा दोघंही!" सरांनी पिशवी टेबलावर आपटली. "आज पुन्हा? अरे यार, हद हो गई! कोणी कायला हात लावला? खरं सांगा."

कोणी हात लावला नव्हता. तरी पंधराही जागांवर भलत्याचंच काम उघडलं होतं. डिसेंबर-जानेवारीत एकदाही असं झालं नव्हतं. मार्च लागला आणि हे सुरू झालं. तेही रोज नाही. सोमवारी ठीक, मंगळवारी सगळं उलटंपालटं, बुधवारी अर्धं ठीक आणि अर्धं चूक. रोज चुकलं असतं तर सर एवढे वैतागले नसते. कधी चुकणारं आणि कधी न चुकणारं यंत्र माणसाला वेड लावतं.

त्यात शनिवार जवळ येत होता. शनिवारी अकराच्या गाडीने परीक्षा मंडळाचे साहेब येणार होते. प्रत्येक मुलाचं काम त्याच्याच जागेवर उघडतंय, एवढंच त्यांना पाहायचं होतं. उघडलं तर संगणकाची परीक्षा याच शाळेत, नाही तर देवरीला. देवरीला जायचं म्हणजे जंगलातला रस्ता, दोन गाड्या बदलायच्या आणि परतायला अंधार. सोनिकाच्या आईने, रामकलीबाईंनी, आधीच सांगून टाकलं होतं, "देवरीले मी पोरीले पाठवणार नाही. इथं झाली तं देईल परीक्षा, नाही तं राहू दे."

सोनिका हजेरीत पहिली, जागाही एक नंबरची. गावातल्या सगळ्या हातपंपांची यादी तिने महिनाभर फिरून केली होती. कोणता चालतो, कोणता बंद आहे, कोणत्याचं पाणी लाल येतं, सगळं त्यात होतं. ही यादी तिचं परीक्षेचं काम होती. ती देवरीला जाऊ शकली नसती, तर यादी तशीच पडून राहिली असती.

सरांनी काय काय करून पाहिलं! स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून वाचली. सगळ्या तारा काढल्या आणि पुन्हा लावल्या. सर्व्हर पुसून नव्याने बसवला, त्यात अख्खा रविवार गेला. मग रिकाम्या खोलीत एकट्याने एकपासून पंधरापर्यंत सगळी बटणं दाबली. बरोबर! बंद करून पुन्हा दाबली. पुन्हा बरोबर! सर खूश होऊन घरी गेले आणि मंगळवारी पुन्हा बंटीचा वाघ अल्काकडे.

मग त्यांनी नागपूरच्या मित्राला फोन लावला. त्याने स्क्रिप्ट मागवून घेतली, वाचली आणि म्हणाला, "इसमें कुछ गलत नहीं है, भाई. तू बच्चे बदल दे."

सरांनी उंदरांवर संशय घेतला, लाइटवर घेतला, शिपाईण सुशिलाबाईंच्या झाडूवरही घेतला.

"माह्या झाडूनं तुमचे नंबर झाडून नेले म्हणता का, सर?" सुशिलाबाईंनी विचारलं. त्या दिवशी त्यांनी खोली झाडलीच नाही.

एक प्रश्न मात्र सरांनी अगदी योग्य विचारला होता. सकाळी साडेसातला सुशिलाबाई खोली उघडत, मुलं हजेरीच्या ओळीने आत जात आणि आपापलं बटण दाबत. सरांची गाडी वीस मिनिटांनी यायची. म्हणून सरांनी वर्गाच्या मॉनिटरला, म्हणजे सोनिकाला, विचारलं, "मी यायच्या आत सगळे वेळेवर येतात ना? ओळीनंच बसतात ना?"

"हो सर," सोनिका म्हणाली.

ते खरं नव्हतं.

मार्चमध्ये मोहाची फुलं पहाटे पहाटे गळतात. उजेड पडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली गेलं नाही, तर गुरं येऊन चट्टामट्टा करतात. तिकडच्या कितीतरी घरांतली मुलं आईबरोबर मोहा वेचून, हातपाय धुऊन मग शाळेत येतात. पाच-दहा मिनिटं उशीर होतोच. पण सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, "उशिरा येणाऱ्यास परत पाठवले जाईल." म्हणून सोनिका हजेरीत सगळ्यांना वेळेवर लिहायची. दुर्गेश्वरीला, तिलकला आणि कधी कधी स्वतःलाही.

गुरुवारी चौदा मुलं आपापल्या जागा वेळेवर धरून बसली. दुर्गेश्वरी तेवढी धापा टाकत शेवटी आली, पाच नंबरवर बसली आणि तिने बटण दाबलं. सोनिका पाहत होती. एक ते चार बरोबर. सहा नंबरवर तिलक बसला होता आणि त्याच्यासमोर दुर्गेश्वरीचं काम. सातवर तिलकचं. पुढे सगळे एकेक घर सरकलेले. आणि दुर्गेश्वरीच्या पडद्यावर शेवटचं, पंधरा नंबरचं काम.

सोनिकाने वहीचं मागचं पान उघडलं. मंगळवारी ती स्वतः उशिरा आली होती, त्या दिवशी सगळेच चुकले. सोमवारी मोहा कमी गळला होता, सगळे वेळेवर, सगळं बरोबर. जो उशिरा येतो, त्याच्या जागेपासून चूक सुरू होते! उत्तर सापडलं होतं, पण ते सांगायचं म्हणजे हजेरी खोटी होती, हेही सांगावं लागणार.

शुक्रवारी दुपारी सर सर्व्हरपुढे डोकं धरून बसले होते. "उद्या साहेब येऊन राहिले, अन् हे भंगार..." ते स्वतःशीच बोलत होते.

"सर," सोनिका म्हणाली, "आमी ओळीनं नाही बसत."

"काय?"

तिने वही पुढे केली आणि सगळं सांगितलं. सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"पंधरा दिवस! पंधरा दिवस मी तारा उपटून राहिलो! सुशिलाबाईंच्या झाडूले नावं ठेवली! मी तुले विचारलं होतं, सोनिका! काऊन खोटं बोलली?"

"खरं लिहिलं असतं तं दुर्गेश्वरीले तुम्ही हाकललं असतं ना जी."

सरांनी एकदा फळ्याकडे पाहिलं.

"पण मी तं तीन-तीनदा पाहिलं," ते चाचरत म्हणाले. "दर वेळी बरोबर येत होतं."

"तुमी एकटेच पाहता सर. एकपासून पंधरापर्यंत, ओळीनं. आमच्यासारखं कोणी पाहतच नाही."

सरांनी स्क्रिप्ट उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पाह्य. मी लिहिलं आहे, जो आधी जागा होईल तो पहिला. आळस केला मी. प्रत्येक यंत्राले कारखान्यातूनच स्वतःचा एक नंबर मिळते. मागं पट्टीवर छापला राहते, कधी बदलत नाही. तो पाहून जागा द्यायची होती. पण पंधरा टेबलांखाली कोण घुसणार, म्हणून सोडून दिलं."

मग दोघं टेबलांखाली घुसले. सोनिका जाळी झटकत पट्टीवरचे बारा बारा अक्षरांचे नंबर वाचायची, सर लिहायचे. सुशिलाबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "झाडू देऊ का, सर?" सरांनी निमूटपणे हात पुढे केला. संध्याकाळी ते नंबर स्क्रिप्टमध्ये घालून सरांनी जाता जाता फळ्यावरची ती ओळही पुसली.

शनिवारी खोली सर आल्यावरच उघडायची ठरली होती. साहेबांच्या आधी तीन तास, आठ वाजता, सर दारात उभे होते. आणि नेमकी त्या दिवशी सगळी मुलं साहेबांच्या धाकाने वेळेवर आली. केस विंचरलेले, ओळ सरळ. फक्त एक नंबर रिकामा.

"सोनिका कुठं आहे?" सरांचा आवाज चढला. "आजच? आजच उशीर? हे पोरगी मले मारून टाकते!"

चौदा पडदे उजळले. सर्व्हर गुरगुरला. मग सोनिका दारातून आत आली. हात स्वच्छ, टोपली नाही, दमही लागलेला नाही.

"कुठं होती तू?"

"बाहेर, भिंतीमागं. सगळे वेळेवर आले तं कळणार कसं, सर?"

तिने आपलं बटण दाबलं, सगळ्यांत शेवटी. पडदा काळा राहिला, मग निळा झाला, मग हातपंपांची यादी आली. बंटीकडे बंटीचाच वाघ होता. तिलकने स्वतःचं नाव वाचून दाखवलं. सरांनी डोळे मिटले आणि खुर्चीत बसले. "झालं. बापा रे, झालं एकदाचं."

सोनिका मात्र बसली नाही. तिने भिंतीवरच्या मोठ्या बटणाकडे जाऊन खाट्कन सगळ्या खोलीचे संगणक बंद केले, आणि सरांनी तोंड उघडायच्या आत पंधरा नंबरकडे जाऊन म्हणाली, "आता इकडून. पंधरापासून एकपर्यंत."