वार्तापत्रातली संतुलन चकती

सोमवारी सकाळी नगर परिषदेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी साप्ताहिक कर्मचारी सभेला मागच्या रांगा आधी भरत, कारण तिथून चहाला सटकणं सोपं असे. त्या दिवशी मात्र पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांसाठी लेखा विभाग आणि पाणीपुरवठा विभाग यांची चक्क बाचाबाची झाली होती.

मंचावर उद्यान विभागाचा मुकादम दोन्ही हात पसरून एका पायावर उभा होता. त्याला सगळे पहिलवान म्हणत. वादळात पडलेलं झाडाचं खोड तो एकटा ओढून रस्त्याच्या कडेला लावी. त्याच्या शेजारी त्याच्या छातीला लागेल एवढ्या उंचीचा एक किडकिडीत गृहस्थ होता, पांढऱ्या बुटांचा आणि मधाळ आवाजाचा. त्याने पहिलवानाच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि हलकेच दाबली. पहिलवान कलंडला आणि मुख्याधिकाऱ्यांच्या मांडीवर जाता जाता वाचला.

“आता हे धरा,” गृहस्थाने त्याच्या मुठीत एक तांबूस चकती सरकवली. सदऱ्याच्या बटणाहून जरा मोठी. पहिलवान पुन्हा एका पायावर उभा राहिला. गृहस्थाने यावेळी दोन्ही हातांनी जोर लावला, दात ओठ खाल्ले, कपाळाला घाम आणला. पहिलवान जागचा हलला नाही.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“माणूस म्हणजे काय?” गृहस्थाने विचारलं. “माणूस म्हणजे कंप. तुम्ही कंप पावता, मी कंप पावतो, ही खुर्चीसुद्धा कंप पावते.” खुर्ची खरंच हलत होती, तिच्या दुरुस्तीचा अर्ज बांधकाम विभागात गेलं वर्षभर पडून होता. “तुमचा कंप आणि विश्वाचा कंप यांची गाठ ही चकती घालून देते. बाकी काही नाही. साधं विज्ञान आहे.”

मंचाच्या कडेला कॅमेरा घेऊन उभी असलेली बाई हे सगळं टिपत होती. ती परिषदेचं साप्ताहिक वार्तापत्र काढायची, म्हणून इमारतीत तिला वार्ताबाई हेच नाव पडलं होतं. वाढदिवस, बदल्या, निवृत्त्या, कुठल्या भागात पाणी येणार नाही, वाचनालय कधी उघडणार, कुणाची छत्री जिन्यात सापडली, असा सगळा मजकूर ती दर शुक्रवारी चार पानांत बसवायची. अंक कर्मचाऱ्यांच्या टेबलांवर जायचा, शिवाय वाचनालयात आणि बसथांब्यांवरच्या फलकांवरही लागायचा. गावातली माणसं तो वाचत, कारण पाण्याची बातमी त्यातच असे.

फोटो काढून झाल्यावर गुरूंनी तिलाही मंचावर बोलावलं. हो, तोवर गृहस्थाचे गुरू झाले होते. चकतीशिवाय ती धडपडली, चकती धरल्यावर खांबासारखी उभी राहिली. आपण पडल्याचं नाटक केलं नव्हतं, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. तिला तेच खटकलं.

तिने बातमीत ‘असा अनुभव आला’ असं जपून लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांनी मसुदा पाहून त्याचं ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले’ असं केलं आणि वर स्वतःचा फोटो टाकायला सांगितला.

पुढच्या काही आठवड्यांत वार्तापत्राचं रूपच पालटलं. पाणीपुरवठ्याची बातमी शेवटच्या पानावर गेली आणि पहिल्या पानावर ‘संतुलन सदर’ आलं, गुरूंकडून डबीतली चकती विकत घेतलेल्यांच्या अनुभवांचं. आवक-जावक कारकुनाची पाठ दुखायची थांबली. करवसुलीतल्या एकाला म्हणे आता राग येत नव्हता; थकबाकीदारांचं म्हणणं वेगळं होतं, पण ते छापायची पद्धत नव्हती. गुरूंनी पुढची पायरी गाठली आणि औषधं तपासायला सुरुवात केली. माणसाने एका हातात आपल्या गोळ्या धरायच्या, दुसरा हात समोर ताठ करायचा. गुरू तो हात दाबत. हात खाली गेला, तर शरीर त्या औषधाला नाही म्हणतंय असं समजायचं.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या अक्कांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांना शरीराने ठाम नकार दिला. अक्का वार्ताबाईच्या शेजारच्याच खोलीत होत्या. तिला नोकरीतले पहिले धडे त्यांनी दिले होते, आणि तिची मुलगी आजारी असली की वार्तापत्राचं काम मुकाट ओढून नेणाऱ्याही त्याच. त्यांनी गोळ्या सोडल्या, चकती गळ्यात घातली आणि हौसेने सदरासाठी फोटो दिला. ‘वर्षानुवर्षांच्या गोळ्यांतून सुटका’ असं शीर्षक वार्ताबाईनेच दिलं. शुक्रवारी अंक गेला. सोमवारी गावातली माणसं औषधांच्या पिशव्या घेऊन परिषदेच्या दारात उभी राहिली.

गर्दी पाहून मुख्याधिकाऱ्यांना स्फुरण चढलं. परिषदेच्या दवाखान्यात डॉक्टरीण बसायची, तिच्या दोन खोल्यांपैकी एक ‘संतुलन कक्ष’ म्हणून गुरूंना द्यायचं त्यांनी ठरवलं. पुढच्या सोमवारी घोषणा होणार होती.

त्या संध्याकाळी वार्ताबाई घरी अंकाची पानं लावत बसली होती. सासूबाई पलीकडे भाजी निवडत होत्या. त्या मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या. निवृत्त होऊनही आवाज मैदानावरचाच राहिला होता. त्यांनी चष्मा लावून संगणकाच्या पडद्यावरचे गुरू आणि पहिलवानाचे फोटो पाहिले.

“हा दोनदा वेगवेगळ्या जागी दाबतोय,” त्या म्हणाल्या.

“कुठे, आई?”

“बघ की. पहिल्या फोटोत बोटं मनगटावर आहेत आणि जोर अंगापासून बाहेर चाललाय. दुसऱ्यात हात कोपराशी आलाय आणि जोर अंगाकडे. चेहरा मात्र दुसऱ्यात वाकडा केलाय.”

“पण मी स्वतः पडले. उगाच नाही सांगत.”

“पडलीस ना, मग पडलीस. ते खोटं कोण म्हणतंय? चकती नव्हती म्हणून पडलीस, हे तुला कुणी सांगितलं?”

वार्ताबाईने दोन्ही फोटो मोठे करून पाहिले. सांगितलं होतं पाडणाऱ्यानेच.

सासूबाईंनी लेकाला हाक मारली. तो वर्तमानपत्र हातात घेऊनच आला. त्याला एका पायावर उभं केलं, हात पसरायला लावले आणि मनगट बाहेरच्या बाजूला दाबलं. तो कपाटावर आदळला. मग त्यांनी त्याच्या हातात डब्याचं झाकण दिलं आणि कोपराजवळ, अंगाच्या दिशेने दाबलं. तो उभा राहिला.

“झाकणात काय आहे?” त्याने विचारलं.

“झाकणात काही नाही. तुझ्यातही फारसं नाही. बस आता.”

मग त्यांनी सुनेला शिकवलं. पहिल्या दोन वेळा तिला जमलं नाही, नंतर जमलं. नवऱ्याला चारी दिशांना पाडताना तिला जरा जास्तच मजा आली.

दुसऱ्या दिवशी ती अक्कांना सांगायला गेली. अक्कांनी ऐकून घेतलं आणि चकती पदराआड केली.

“तुझ्या सासूबाई मोठ्या आहेत, पण त्यांनी काय याचा अभ्यास केलाय? मला बरं वाटतंय, तेवढं पुरे.”

“डोकं दुखतंय ना तुमचं? सकाळपासून कपाळ दाबताय.”

“विषारी द्रव्यं बाहेर पडतायत. गुरू म्हणालेच होते, दुखेल म्हणून.”

बरं वाटलं तर चकतीमुळे, दुखलं तरी चकतीमुळेच. या हिशेबात चकती नापास होण्याची सोयच ठेवलेली नव्हती.

गुरुवारी अक्कांनी एका नव्या बापाला बाळाच्या जन्माऐवजी मृत्यूचा दाखला लिहून दिला. अक्षरं दुहेरी दिसतायत असं त्या म्हणाल्या आणि खिडकीच्या कठड्याला धरून खाली बसल्या. नाकातून रक्त येत होतं. त्या बापानेच दाखला खिशात कोंबून त्यांना एका बाजूने धरलं, दुसऱ्या बाजूने वार्ताबाईने. दवाखान्यात डॉक्टरणीने रक्तदाब मोजला आणि पुन्हा एकदा मोजला.

“गोळ्या कधीपासून बंद आहेत?”

वार्ताबाईने तारीख सांगितली. तिला ती पाठ होती. अंकावर छापलेली होती.

“आज इथवर चालत आलात, हे नशीब,” डॉक्टरीण म्हणाली. “आणखी थोडे दिवस गेले असते तर उचलून आणावं लागलं असतं. बाहेर बाकावर बसलेल्यांत अजून किती जणांनी सोडल्यात, देव जाणे. आणि सोमवारपासून हे गुरू माझ्या शेजारच्या खोलीत.”

वार्ताबाई बाहेर येऊन जिन्यात बसली. अक्कांच्या फोटोवरचं ते शीर्षक तिनेच जुळवलं होतं, आणि ते पानावर छान बसलं म्हणून त्या दिवशी तिला समाधानही वाटलं होतं. गुरूला शिव्या घालणं सोपं होतं. पण गुरूची बोटं गावभर पोचवली होती ती तिच्या चार पानांनी. ती उठली आणि कामाला लागली.

दर सोमवारच्या सभेत गावातल्या एका ज्येष्ठ नागरिकाचा सत्कार होत असे. कुणाचा, ते ठरवणं वार्तापत्राकडे असे, आणि ते नाव आजवर कुणी तपासलं नव्हतं. त्या आठवड्यासाठी तिने निवृत्त क्रीडाशिक्षिकेचं नाव टाकलं.

सभागृह पुन्हा खच्चून भरलं. डॉक्टरणीने घरी पडून राहायला सांगूनही अक्का येऊन पुढच्या रांगेत बसल्या होत्या. गळ्यात चकती होतीच. मुख्याधिकाऱ्यांनी सत्कार उरकला आणि दोन शब्द बोलायची विनंती केली. सासूबाईंनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली.

“बोलत नाही, कवायत घेते. पहिलवान, ये वर.”

पहिलवान आला. सासूबाई उंचीने त्याच्या खांद्याखाली होत्या. त्यांनी दोन बोटांनी त्याला पाडलं. सभागृहात कुजबुज झाली. मग रिकाम्या हाताने उभं करून सगळा भार टाकला; तो हलला नाही.

“चकती कुठे आहे?” त्यांनी विचारलं. पहिलवानाने दोन्ही तळवे लोकांना दाखवले.

गुरू हसत उठले. “माताजी, तुमच्यात उपजत ऊर्जा आहे. काहींच्यात असते.”

“मग माझ्या सुनेला पाहा.”

वार्ताबाई मंचावर आली. तिने पहिलवानाला पाडलं, उभं केलं, पुन्हा पाडलं. मग एक टोपली पुढे केली. तीत सारखी दिसणारी बंद पाकिटं होती. “काहींत तुमची चकती आहे, काहींत तेवढाच पत्र्याचा तुकडा,” ती म्हणाली. “कुठल्यात काय, ते डॉक्टरांनी भरलंय. मला माहीत नाही, तुम्हाला नाही, पहिलवानालाही नाही. त्याने एकेक पाकीट धरावं, तुम्ही दाबा आणि ओळखा. खऱ्या चकत्या ओळखू आल्या, तर पुढच्या अंकात पहिलं पान तुमचं.”

गुरूंनी टोपलीकडे पाहिलं. “संशयाच्या वातावरणात चकती काम करत नाही. संशयाचा कंप नकारात्मक असतो.”

“चकतीच्या डबीवर तसं लिहिलेलं नाही,” आवक-जावक कारकून मागून म्हणाला. पाठ दुखत असल्यामुळे तो उभाच होता.

मुख्याधिकारी घड्याळ पाहू लागले. गुरूंना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. ते पाकिटाला हात न लावता मंचावरून उतरले. कुणी त्यांना अडवलं नाही, पण दारापर्यंत पोचवायलाही कुणी उठलं नाही.

सासूबाई खाली अक्कांसमोर गेल्या. “गोळ्या आहेत जवळ? धरा हातात. दुसरा हात समोर करा.” त्यांनी कोपराजवळ दाबलं, हात ताठ राहिला. मनगटाजवळ, अक्का बेसावध असताना दाबलं; हात खाली गेला. “गोळी तीच, हात तोच. मी जागा बदलली. लांबून दाबलं की कमी जोर पुरतो, दाराची कडी बिजागरीजवळ बसवत नाहीत ती याचसाठी.”

अक्कांनी दोन बोटांनी स्वतःचं मनगट दाबून पाहिलं, मग कोपर.

“म्हणजे तो मला पाडत होता,” त्या म्हणाल्या, “आणि मी रोज त्याला चहा पाजत होते.”

सभेनंतर मुख्याधिकाऱ्यांनी वार्ताबाईला बोलावून घेतलं. झालं ते झालं, अंकात या विषयावर काहीच नको, सदर हळूच बंद करावं, असं त्यांचं मत होतं. ती काही बोलायच्या आत दार ढकलून अक्का आत आल्या.

“साहेब, मी गोळ्या सोडल्या ते हिने फोटोसकट छापलं. आता परत सुरू केल्या, तेही छापायचं. तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्याच जागी. माझं वाचून कुणी सोडल्या असतील, तर त्यांना कोण सांगणार?”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहत मान हलवली. ती होकारार्थी होती, असं दोघींनी ठरवून टाकलं.

शुक्रवारच्या अंकात पहिल्या पानावर अक्कांचा फोटो होता, गळा मोकळा. खाली कुठे दाबल्यावर माणूस पडतो आणि कुठे दाबल्यावर टिकतो, हे दोन आकृत्यांसह दाखवलं होतं. दिवसभर इमारतीत काम झालं नाही. जो तो व्हरांड्यात दुसऱ्याला पाडत होता. दोघे जण सासूबाईंचा पत्ता विचारायला आले, त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून. त्यांना वार्ताबाईने तिथल्या तिथे पाडून घरी पाठवलं.

आकृत्यांच्या खाली तिने लिहिलं होतं: ‘मागच्या अंकांत आम्ही न तपासता छापले, ती आमची चूक. आपण डोळ्यांनी पाहिले ते खरे असू शकते, पण त्याचे कारण दाखवणारा सांगेल तेच असते असे नाही. कुणी चमत्कार दाखवला तर तो पुन्हा करायला सांगा, आणि यावेळी अटी तुम्ही घाला. तो रागावला तर समजून जा. ज्यांनी आमचे वाचून औषध थांबवले असेल, त्यांनी आजच दवाखान्यात यावे. डॉक्टरांच्या दोन्ही खोल्या उघड्या आहेत. कुणी रागावणार नाही.’

त्या शनिवारी दवाखान्यासमोरची रांग फाटकापर्यंत गेली होती.